रंगीत फोटो कृष्णधवल किंवा सेपिया करताना रंग शेवटपर्यंत जपा

रंगीत फोटो कृष्णधवल करायचा म्हटलं की बहुतेक जण एक तर फिल्टरचं बटण दाबतात, नाहीतर सॅच्युरेशनचा (रंगाच्या तीव्रतेचा) स्लायडर शून्यावर नेतात. रंग जातो आणि हाती येतो मळकट राखाडी फोटो. मग तो उठावदार दिसावा म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला जातो. सावल्या काळ्याठिक्कर पडतात, कपाळ आणि गाल पांढरेफटक होतात, आणि ‘रंगीतच बरा होता’ म्हणून काम अर्धवट सुटतं. सेपियाची गत याहून वाईट. तिथे तर अनेकदा रंगीत फोटोवरच तपकिरी थर चढवला जातो आणि खालचे हिरवे-निळे रंग त्यातून डोकावत राहतात.

या सगळ्याच्या मुळाशी एकच चूक आहे: कोणता रंग किती उजळ आणि कोणता किती गडद दिसावा हे ठरवण्याआधीच रंग टाकून दिलेला असतो. चांगला कृष्णधवल फोटो रंगांच्या माहितीतूनच घडतो. म्हणून खालचा क्रम पाळा. पायऱ्या पुढेमागे केल्या तर पुढच्या टप्प्यावर मागची चूक दुरुस्त करता येत नाही, आणि हेच लोकांच्या लक्षात येत नाही.

## तयारी

### मूळ फाइल सुरक्षित ठेवा

आधी मूळ रंगीत फाइलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. कृष्णधवल करून त्याच नावाने सेव्ह केलेल्या जेपेगमध्ये रंग परत आणता येत नाही. फोनवर हा घोटाळा जास्त होतो, कारण काही अ‍ॅप ‘सेव्ह’ म्हटल्यावर मूळ फोटोच बदलतात, तर काही वेगळी प्रत काढतात. आपलं अ‍ॅप यातलं काय करतं ते एखाद्या बिनमहत्त्वाच्या फोटोवर आधी करून बघा.

कॅमेऱ्यातच मोनोक्रोम मोड लावून फोटो काढत असाल, तर फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये जाते ते तपासा. जेपेगमध्ये काढलेला मोनोक्रोम फोटो कायमचा कृष्णधवल झाला. रॉ फाइलमध्ये मात्र सेन्सरने टिपलेली रंगांची सगळी माहिती शाबूत असते, मोनोक्रोम फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसण्यापुरतं. रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम काढायची सोय असेल तर तीच वापरा. काढताना पडद्यावर उजेड-सावलीचा अंदाज येतो आणि नंतर काम करायला रंगही हाताशी राहतात.

रॉचा आग्रह धरण्याला ठोस कारण आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या चॅनलला (लाल, हिरवा, निळा हे फोटोचे तीन थर) उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. शिवाय बहुतेक जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. रंगीत फोटोत हे डोळ्यांना कळत नाही. पण कृष्णधवल करताना त्याच रंगांवरून उजेड ठरवायला गेलात की आकाशात चौकोनी डाग आणि पट्टे उमटतात. जेपेगवर काम करू नये असं नाही, पण स्लायडर जपून हलवावे लागतात. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेली, आधीच दाबून लहान केलेली फाइल घेऊन मात्र बसू नका. मूळ फाइल मागवून घ्या.

### हा फोटो कृष्णधवल व्हावा का?

फोटोत काय आहे ते एकाही रंगाचं नाव न घेता सांगून बघा. ‘खिडकीतून तिरका उजेड आलाय, हातावरच्या सुरकुत्या दिसतायत’ असं सांगता येत असेल तर पुढे चला. ‘लाल-केशरी मावळतं आकाश’ याशिवाय काहीच सांगता येत नसेल, तर तो फोटो रंगीतच राहू द्या. सपाट उजेडातला किंवा हललेला फोटो ‘निदान कृष्णधवल तरी करू’ म्हणून हाती घेतला तर तो सुधारत नाही. रंग गेल्यावर सपाटपणा उलट उघडा पडतो.

### पडदा

पडद्याचा रात्रीचा पिवळसर मोड, डोळ्यांना आराम देणारा मोड आणि खोलीच्या उजेडानुसार रंग बदलणारी सोय, तिन्ही बंद करा. ती चालू असतील तर साधा राखाडी रंगही तुम्हाला कोमट दिसेल आणि सेपिया किती द्यायचा याचा अंदाज हमखास चुकेल. पडद्याचा उजेड मध्यम ठेवा. भगभगीत पडद्यावर ठीक वाटलेला फोटो छापल्यावर काळपट येतो.

## टप्पा १: फोटो रंगीत असतानाच दुरुस्त करा

या टप्प्यावर फोटो रंगीतच आहे आणि तसाच राहायला हवा. कामांचा क्रम असा:

१. फोटो सरळ करा आणि हवा तेवढा क्रॉप करा. कडेला उगाच आलेली पांढरी वस्तू पुढे कॉन्ट्रास्ट ठरवताना तुमची दिशाभूल करते.

२. एक्स्पोजर नीट करा. उजळ भागात तपशील शिल्लक आहे ना ते बघा. मूळ फाइलमध्येच जिथे तिन्ही चॅनल २५५ वर, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर, गेले आहेत तिथे कोणताही स्लायडर काही परत आणू शकणार नाही.

३. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगदुरुस्ती) ठीक करा. ‘शेवटी रंग जाणारच, मग व्हाइट बॅलन्स कशाला?’ असं वाटणं साहजिक आहे, पण पुढचे सगळे स्लायडर रंगांच्या नावाने चालतात. पिवळ्या दिव्याखालच्या फोटोत चेहरा, भिंत आणि पांढरा सदरा सगळंच नारिंगी असतं. नारिंगी स्लायडर हलवला की तिन्ही एकदम हलतात. व्हाइट बॅलन्स दुरुस्त केला की चेहरा वेगळा आणि सदरा वेगळा हाताळता येतो.

४. रंगीत नॉइज काढा. कमी उजेडातल्या फोटोत सावल्यांमध्ये लाल-हिरवे-निळे ठिपके असतात. ते तसेच ठेवून कृष्णधवल केलं तर त्यांचे उजळ-गडद चट्टे होतात, आणि तेव्हा ते काढायला गेलात तर तपशीलही पुसला जातो.

५. कडांवरची जांभळी-हिरवी किनार काढा. उजळ आकाशासमोरच्या फांद्या, तारा, इमारतींच्या कडा १०० टक्के झूम करून बघा. रॉ सॉफ्टवेअरमध्ये क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन काढायची सोय असते, ती इथेच वापरा. निळा किंवा जांभळा स्लायडर ओढल्यावर हीच किनार पांढरी किंवा काळी रेघ होऊन बसते.

शार्पनिंग इथे करू नका. त्याची पाळी बरीच नंतर येते.

## टप्पा २: रंगाचा राखाडी कसा होतो ते आधी समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात, आणि म्हणूनच फिल्टर बदलत बसतात. एक उदाहरण घेऊ.

समजा फोटोत हिरव्या पानांमध्ये एक लाल फूल आहे. फुलाच्या एका बिंदूचे आकडे आहेत लाल २००, हिरवा ६०, निळा ६०. पानाच्या बिंदूचे आहेत लाल ७०, हिरवा १२५, निळा ६०. रंगीत फोटोत फूल पानांतून अक्षरशः उसळून वर येतं.

रंगाचा उजेड काढायच्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्रात लाल २९.९ टक्के, हिरवा ५८.७ टक्के आणि निळा ११.४ टक्के धरतात. आपल्या डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद वाटतो, म्हणून ही वाटणी. या हिशेबाने फूल येतं १०२ वर आणि पान १०१ वर. म्हणजे फूल पानांत विरघळलं. फोटो ‘मेला’ असं जे वाटतं ते यामुळे, आणि आता कॉन्ट्रास्ट कितीही वाढवला तरी १०१ आणि १०२ वेगळे होणार नाहीत.

फोटोशॉपचं ‘डिसॅच्युरेट’ वेगळा हिशेब करतं. तिन्ही आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घेऊन त्यांची सरासरी काढतं. त्यात फूल १३० वर आणि पान सुमारे ९३ वर येतं. इथे ते बरं दिसलं, पण याच पद्धतीत शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिन्ही एकाच राखाडीवर येतात. त्यामुळे रंगीबेरंगी कपड्यांच्या फोटोत ही पद्धत सगळं सपाट करून टाकते.

आता चॅनल एकेक करून बघा. नुसता लाल चॅनल घेतला तर फूल २०० आणि पान ७०: गडद पानांवर उजळ फूल. नुसता हिरवा घेतला तर फूल ६० आणि पान १२५: उजळ पानांवर गडद फूल. नुसता निळा घेतला तर दोन्ही ६०, काहीच वेगळं नाही. फोटो एकच, पण त्यातून तीन वेगळी चित्रं निघतात. यातलं कोणतं हवं ते सॉफ्टवेअरला माहीत नसतं, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

तपासा: पुढे जाण्याआधी फोटोतले दोन मुख्य रंग ओळखा आणि त्यातला कोणता उजळ हवा ते मनाशी पक्कं करा. चेहरा आणि मागची भिंत, आकाश आणि ढग, साडी आणि तिचा काठ, जे असेल ते. हे ठरलं नसेल तर स्लायडरला हात लावू नका.

## टप्पा ३: रूपांतर कुठे आणि कसं करायचं

फोटोशॉप: ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा अ‍ॅडजस्टमेंट लेअर (फोटोवर चढणारा वेगळा थर) घ्या. त्यात लाल, पिवळा, हिरवा, सायन, निळा आणि मॅजेंटा असे सहा स्लायडर मिळतात. हीच आज्ञा इमेज मेन्यूतूनही देता येते, पण तिथून दिली तर बदल थेट पिक्सेलवर होतो. लेअर घेतला की खालचा रंग जिवंत राहतो आणि महिन्याभराने मत बदललं तरी स्लायडर हलवता येतात. इमेजचा मोड बदलून ‘ग्रेस्केल’ करू नका. त्यात रंगाची माहिती फेकली जाते आणि त्या मोडमध्ये सेपियाही देता येत नाही.

लाइटरूम: ट्रीटमेंट ‘ब्लॅक अँड व्हाइट’ करा. आठ स्लायडर मिळतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, अ‍ॅक्वा, निळा, जांभळा, मॅजेंटा. नारिंगी वेगळा मिळतो हा मोठा फायदा, कारण माणसांची त्वचा बहुतांशी तिथेच असते. फोनवरच्या लाइटरूममध्येही हे मिक्सर आहे.

गिंप: कलर्स मेन्यूत डिसॅच्युरेटखाली ‘मोनो मिक्सर’ आहे. त्यात लाल, हिरवा आणि निळा चॅनल किती टक्के घ्यायचा ते सांगता येतं. तिघांची बेरीज १ च्या, म्हणजे १०० टक्क्यांच्या, आसपास ठेवा. बेरीज वाढली की उजळ भाग जळतात, घटली की सगळा फोटो काळवंडतो. ‘प्रिझर्व्ह लुमिनॉसिटी’ चालू केलंत तर हे गिंपच सांभाळतं.

फोनवर स्नॅपसीड: ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हे साधन उघडा आणि नुसत्या प्रीसेटवर थांबू नका. त्यातच लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा आणि निळा असे रंगीत फिल्टर आहेत. आधी फिल्टर निवडा, मग उजेड आणि कॉन्ट्रास्ट बघा.

तुमच्या अ‍ॅपमध्ये यातलं काहीच नसेल आणि एका बटणाचे मोनो फिल्टरच असतील, तरी एक वाट आहे. आधी रंगीत फोटोत रंगनिहाय उजेड कमी-जास्त करा (बऱ्याच अ‍ॅपमध्ये ही सोय असते) आणि मग मोनो फिल्टर लावा.

## टप्पा ४: रंगांचे स्लायडर

सगळ्या कामाचा जीव या टप्प्यात आहे, तेव्हा वेळ इथे घालवा.

### चेहरे

त्वचा गोरी असो, सावळी असो की काळी, तिचा रंग मुख्यतः नारिंगी आणि लाल यांच्या पट्ट्यातच असतो. फरक असतो तो उजेडाचा. नारिंगी वाढवला की त्वचा उजळ आणि नितळ होते, कमी केला की खोली आणि पोत येतो. लाल स्लायडर ओठ, गालांवरची लाली, पुटकुळ्या आणि डोळ्यांच्या कडा यांना हलवतो. लाल वाढवला की डाग पुसट होतात, पण ओठही चेहऱ्यात मिसळतात. लाल कमी केला की ओठ उठून दिसतात, पण डाग, पुरळ, नाकाचा शेंडा सगळं गडद होतं. म्हणून आधी नारिंगी ठरवा, मग लाल थोडाथोडा हलवा आणि ओठांकडे लक्ष ठेवा.

सगळ्यात सर्रास दिसणारी चूक म्हणजे नारिंगी इतका वाढवणं की गालाचा गोलवाच नाहीसा होतो. सावळ्या माणसाचा चेहरा ओढूनताणून पांढरा करण्यात तर दुहेरी नुकसान आहे. चेहरा सपाट होतो आणि ते माणूस ते राहत नाही. त्वचेचा मूळ उजेड जपा आणि उठाव मागच्या पार्श्वभूमीचा रंग हलवून मिळवा. मागे निळी किंवा हिरवी भिंत असेल तर हे अगदी सोपं आहे.

### आकाश

निळा कमी केला की आकाश गडद होतं आणि पांढरे ढग उठतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गडबड होते ती किती कमी करायचा यात. निळा चॅनल हा बहुतेक सेन्सरमध्ये सर्वांत जास्त नॉइज असलेला. त्याचा स्लायडर टोकाला नेला की आकाशात दाणे आणि पट्टे दिसू लागतात, आणि डोंगर किंवा झाडांच्या कडेने एक पांढरी रेघ उमटते. या रेघेचं कारण सरळ आहे. कडेवरच्या पिक्सेलमध्ये आकाश आणि डोंगर यांचे रंग मिसळलेले असतात, ते पुरेसे निळे नसतात, म्हणून बाकीच्या आकाशाबरोबर गडद होत नाहीत.

यावर उपाय म्हणजे निळा अर्ध्यापर्यंतच खाली आणा, अ‍ॅक्वा किंवा सायनही त्याच्या जोडीने थोडा उतरवा, आणि उरलेला गडदपणा टप्पा ६ मध्ये ब्रशने द्या. ढगाळ राखाडी आकाशावर मात्र निळ्या स्लायडरचा काही परिणाम होत नाही, कारण तिथे निळा नसतोच.

### झाडं आणि गवत

हिरवा स्लायडर वाढवला आणि पानांना फारसा फरक पडला नाही, अशी तक्रार नेहमी येते. उन्हातल्या पानांचा आणि गवताचा रंग बराचसा पिवळ्याच्या पट्ट्यात असतो. पिवळा हलवून बघा, पानं लगेच हलतील. हिरवा त्यानंतर, बारीक फरकासाठी.

### बोटाने दाखवून काम करा

फोटोशॉप आणि लाइटरूममध्ये फोटोवरच जागा धरून डावी-उजवीकडे किंवा वर-खाली ओढायचं साधन मिक्सरजवळच असतं. नेमका कोणता स्लायडर हलवायचा हे कळत नसेल तर हे वापरा. तुम्ही धरलेल्या जागेचा मूळ रंग ओळखून योग्य स्लायडर आपोआप हलतो. रॉ फाइलवर आणखी एक युक्ती चालते: मिक्सर लावल्यावर व्हाइट बॅलन्सचा तापमानाचा स्लायडर सावकाश दोन्हीकडे फिरवा. सगळ्या रंगांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलतं आणि कधीकधी जे स्लायडरनी जमत नव्हतं ते असं मिळून जातं.

सावधान: शेजारशेजारच्या दोन रंगांचे स्लायडर विरुद्ध टोकांना नेऊ नका. लाल टोकाला वर आणि नारिंगी टोकाला खाली केलं की चेहऱ्यावर चट्टे पडतात, कारण गालावर लालाकडून नारिंगीकडे जाणारा रंग अखंड असतो.

तपासा: फोटो लहान करून बघा, किंवा डोळे किलकिले करून बघा. जी गोष्ट आधी दिसायला हवी ती आधी दिसतेय का? दिसत नसेल तर याच टप्प्यावर थांबा. पुढचा कोणताही टप्पा हे दुरुस्त करणार नाही.

## टप्पा ५: काळा, पांढरा आणि मधला

आता लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज, म्हणजे काळा, पांढरा आणि मधल्या छटा ठरवायची साधनं. आधी काळ्याचा बिंदू ठरवा. फोटोत अगदी थोडी जागा, डोळ्यातली बाहुली, केसांतली सावली, दाराची फट, पूर्ण काळी असू द्या. मग पांढऱ्याचा बिंदू. फोटोशॉपमध्ये लेव्हल्सचा स्लायडर ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून ओढला तर कोणत्या जागा पूर्ण काळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या होत आहेत ते दिसतं. दिवा, पाण्यावरची चमक, धातूची झळाळी पूर्ण पांढरी झाली तर चालते. कपाळ, पांढरा सदरा आणि ढग होता कामा नयेत.

धुक्याच्या फोटोत काळा बिंदू शोधू नका. तिथे पूर्ण काळं काही नसतंच, ते बळेच आणलं की धुकं जातं.

मग मधल्या छटा. कर्व्हला हलका एस आकार द्या आणि थांबा. कॉन्ट्रास्टचा मुख्य वाटा टप्पा ४ मध्ये मिळालेला असतो. इथे खूप ओढावंसं वाटत असेल तर ती खूण आहे की रंगांचे स्लायडर नीट लागलेले नाहीत. मागे जा.

## टप्पा ६: थोडं उजळ, थोडं गडद, हाताने

सबंध फोटोला एकच उपाय पुरत नाही. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये सर्वांत वर एक नवा लेअर घ्या, तो ५० टक्के राखाडीने भरा आणि ब्लेंड मोड (थर खालच्या फोटोत मिसळायची रीत) ‘सॉफ्ट लाइट’ करा. राखाडी दिसेनासा होतो. त्यावर मऊ ब्रशने पांढरं फिरवलं की खालची जागा उजळते, काळं फिरवलं की गडद होते. ब्रशचा प्रवाह ५ ते १० टक्के ठेवा आणि एकाच जागी पुन्हापुन्हा हलकेच फिरवा. फोनवर हेच काम निवडक जागेचा उजेड बदलणाऱ्या साधनाने होतं.

कुठे फिरवायचं? चेहऱ्यावर उजेड जिथे आधीच पडलाय तिथे थोडा आणखी. कडेला लक्ष खेचणाऱ्या उजळ वस्तूंवर गडद. आकाशाच्या वरच्या भागावर गडद. उजेड ज्या बाजूने येतोय तिच्या विरुद्ध बाजू उजळवू नका, चेहरा बनावट दिसू लागतो. डोळ्यांचं पांढरं उजळवण्याचा मोह तर पूर्ण टाळा.

तपासा: हा लेअर बंद-चालू करून बघा. चालू केल्यावर ब्रशचे ठसे वेगळे कळत असतील तर लेअरची अपारदर्शकता ६०-७० टक्क्यांवर आणा.

कृष्णधवलच हवं असेल तर इथून थेट टप्पा ८ वर जा.

## टप्पा ७: सेपिया

सेपिया हा तयार कृष्णधवल फोटोला दिलेला रंग आहे. खाली फोटो कच्चा असेल तर वरचा तपकिरी रंग काहीच झाकत नाही. म्हणून तो इतक्या उशिरा येतो.

### एका बटणाचा सेपिया का फसतो

प्रोग्रामिंगमध्ये सर्रास वापरलं जाणारं सेपियाचं एक सूत्र आहे. त्यात नवा लाल काढताना जुन्या लाल, हिरव्या, निळ्याला ०.३९३, ०.७६९ आणि ०.१८९ ने गुणून बेरीज करतात. नव्या हिरव्यासाठी ०.३४९, ०.६८६, ०.१६८ आणि नव्या निळ्यासाठी ०.२७२, ०.५३४, ०.१३१. बेरजा बघा: १.३५१, १.२०३ आणि ०.९३७. पहिल्या दोन १ च्या बऱ्याच वर आहेत.

म्हणजे काय होतं? १२८ चा मधला राखाडी होतो लाल १७३, हिरवा १५४, निळा १२०. इथे रंग तपकिरी आहे, पण उजेड बराच वाढलाय. २०० चा उजळ राखाडी होतो २५५, २४१, १८७. लाल इथेच छताला टेकला. २३० चा राखाडी होतो २५५, २५५, २१६, आणि हा तपकिरी नाहीच, फिकट पिवळा आहे. चेहऱ्याचा उजळ भाग, पांढरे कपडे, ढग नेमके याच पट्ट्यात असतात. एका बटणाच्या अनेक सेपियांत चेहरा लिंबासारखा पिवळट आणि सपाट दिसतो तो यामुळे. असा फिल्टर वापरायचाच असेल तर आधी फोटो थोडा गडद करा आणि फिल्टरची तीव्रता ३०-४० टक्क्यांवर ठेवा.

### नीट पद्धत

१. फाइल आरजीबी (लाल-हिरवा-निळा) मोडमध्ये आहे ना ते बघा.

२. सर्वांत उजळ भाग थोडा खाली आणा. लेव्हल्समध्ये आउटपुटचा पांढरा २५५ वरून २४५ च्या आसपास आणा. पूर्ण पांढऱ्यावर रंग चढत नाही. तपकिरी फोटोत शुद्ध पांढऱ्या जागा राहिल्या तर त्या कागदाला पडलेल्या भोकांसारख्या दिसतात.

३. एक सॉलिड कलर लेअर घ्या, रंगाचा कोन (रंगचक्रावरची जागा, ‘ह्यू’) ३० ते ४० अंशांत ठेवा आणि ब्लेंड मोड ‘कलर’ करा. मग अपारदर्शकता शून्यावरून सावकाश वाढवा. ३० अंशांकडे तांबूस छटा येते, ४० च्या पुढे पिवळट. मला ३५ च्या आसपासचा रंग चेहऱ्यांना सर्वांत चांगला वाटतो.

४. लाइटरूममध्ये हेच ‘कलर ग्रेडिंग’मध्ये करा. उजळ भागांना ४० अंशांच्या आसपासचा रंग आणि १० ते १५ सॅच्युरेशन द्या. सावल्यांना त्याहून कमी द्या, किंवा काहीच देऊ नका.

सावल्यांना कमी रंग देण्याचं कारण डार्करूममध्ये आहे. तिथे प्रिंट आधी ब्लीच करून मग टोन करताना उजळ भाग सर्वांत आधी ब्लीच होतात, म्हणून अर्धवट टोन केलेल्या प्रिंटमध्ये उजळ भाग कोमट आणि गडद भाग तटस्थ काळे राहतात. डिजिटलमध्ये सगळ्या छटांना सारखाच रंग दिला की सावल्या मातकट होतात आणि फोटोचा कणाच जातो.

सावधान: डोळा तपकिरीला फार लवकर सरावतो. दोन मिनिटं बघत राहिलात की पुरेसा रंगही कमी वाटतो आणि हात पुन्हा स्लायडरकडे जातो. रंग ठरवल्यावर उठा, दुसरीकडे बघा, मग परत येऊन शेजारी साधा कृष्णधवल फोटो ठेवून तुलना करा. बहुतेक वेळा रंग निम्मा करावासा वाटतो, आणि तेच बरोबर असतं.

कृत्रिम ओरखडे, डाग, फाटक्या कडा माझ्या मते घालूच नयेत. कालच्या फोटोतल्या माणसांवर ते खोटे दिसतात.

## टप्पा ८: ग्रेन आणि शार्पनिंग

फोटो ज्या आकारात जाणार आहे त्या आकाराचा करा, आणि मगच शार्पनिंग करा. १०० टक्के झूमवर कडांभोवती पांढरी रेघ दिसली की जास्त झालं. त्वचेवर क्लॅरिटीसारखे स्लायडर वापरू नका. रंग नसताना प्रत्येक छिद्र ठळक होतं.

हलका ग्रेन (फिल्मवर दिसतात तसे बारीक दाणे) मात्र खरोखर उपयोगी आहे. कृष्णधवल ८ बिट फोटोत एकूण छटा २५६ च, त्यामुळे मोकळ्या आकाशात किंवा भिंतीवर पायऱ्या दिसू शकतात. बारीक ग्रेनने त्या मोडतात. तो एकरंगी असावा. रंगीत ठिपक्यांचा ग्रेन घातला तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

## टप्पा ९: सेव्ह आणि प्रिंट

लेअरसकट एक फाइल ठेवा, पीएसडी, टिफ किंवा गिंपची एक्ससीएफ. रॉ सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोची व्हर्च्युअल प्रत करून रंगीत, कृष्णधवल आणि सेपिया अशी तीन रूपं शेजारी ठेवता येतात, जागाही फारशी लागत नाही. पाठवायची जेपेग वेगळी एक्स्पोर्ट करा, रंगपट एसआरजीबी ठेवा. मूळ फाइलच्या नावापुढे रूपाचा शब्द जोडा, म्हणजे वर्षभराने कोणती कशातून केली ते कळतं.

प्रिंट देताना कृष्णधवल फोटोही सहसा आरजीबी फाइल म्हणूनच द्यावा लागतो. प्रिंटवाल्याने ग्रेस्केल मागितलं तरच बदला. रंगीत शाईतून छापलेला राखाडी किंचित हिरवट किंवा गुलाबी येऊ शकतो, आणि तो दिवसाच्या उजेडात एक आणि बल्बखाली वेगळाच दिसतो. प्रिंटरमध्ये खास कृष्णधवल मोड असेल तर तो वापरा. नसेल तर अगदी फिकट कोमट छटा मुद्दाम द्या. ठरवून दिलेली छटा दिसली की बारीक हिरवटपणा खपून जातो.

कागदावर गडद छटा पडद्यापेक्षा लवकर एकमेकींत मिसळतात. म्हणून मोठा प्रिंट काढण्याआधी फोटोतला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग येईल अशी एक पट्टी कापून त्याच कागदावर, त्याच मापात छापून घ्या. शाई पूर्ण वाळू द्या, मग खिडकीपाशी नेऊन बघा. काळ्या केसांत केस दिसत नसतील तर कर्व्हचं खालचं टोक थोडं वर उचला आणि पट्टी पुन्हा छापा.